राष्ट्रांची यात्रा व सासष्टीचे पुराण

परराष्ट्रे एके दिवशी इस्राएलाच्या देवाला भजावयास येतील, हे बायबलातील भाकीत एकजिनसी मानण्याची रीत पडली आहे. वस्तुतः त्यात निदान तीन भिन्न चित्रे आढळतात. यशयाच्या २ ऱ्या व मीखाच्या ४ थ्या अध्यायांत राष्ट्रे आपण होऊन, एकमेकांस बोलावीत, सियोनाच्या डोंगराकडे निघतात. त्यांना ज्ञान हवे असते आणि त्याचे फळ म्हणजे तलवारींचे फाळ. यशयाच्या ६० व्या अध्यायात शबाचे सोने व केदाराची मेंढरे येतात खरी, परंतु सेवा न करणाऱ्या राष्ट्राच्या नाशाची धमकीही तेथेच आहे. जखऱ्याच्या अखेरच्या अध्यायात तर मंडपांच्या सणास न येणाऱ्यांचा पाऊसच बंद होतो. तिसरे चित्र यशयाच्या १९ व्या अध्यायाच्या शेवटी आहे. तेथे मिसर व अश्शूर हे जुने वैरी इस्राएलाच्या बरोबरीने बसतात. देवाची वेदी मिसर देशातच उभी राहते. तथापि तेथेही मिसरातील पाच नगरे कनानची भाषा बोलतील, असे म्हटले आहे. येणाऱ्याने आपली वाणी टाकावी की आणावी, हा प्रश्न येथे उघडाच राहतो.

या प्रश्नाचे मराठीतील पहिले मोठे उत्तर म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ होय. १५७९ साली गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाचा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. रूप पुराणाचे, छंद ओवीचा. मराठीचे स्तवन तर त्यात प्रसिद्धच आहे. यात्रेकरूने आपली भाषा टाकली नाही, उलट देवाची कथाच त्याच्या भाषेत आली. ही जाणीव आपल्याकडे नवी नव्हे. बाभुळगावचा वारकरी पंढरीस जाताना आपली वऱ्हाडी बोली घरी ठेवून जात नाही.

परंतु समीक्षकाने येथेच थांबणे बरोबर नव्हे. १५६७ साली सासष्टीतील देवळे पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले, आणि त्यानंतर तेथील ग्रामप्रमुखांना ठार करण्यात आले. या पार्श्वभूमीवर, पुराणाच्या आरंभी मराठीत ग्रंथ मागणाऱ्या ब्राह्मणाचे शब्द वाचावे लागतात. ती मागणी यशयाच्या २ ऱ्या अध्यायातील स्वेच्छेची वाटते. तिच्यामागची परिस्थिती ६० व्या अध्यायातील धमकीची आहे. जुन्या पोथ्या हातांतून गेल्या नसत्या, तर नव्या पुराणाची मागणी या स्वरूपात झाली असती काय?

म्हणून ‘ख्रिस्तपुराणा’चे मोठेपण त्याच्या राजकीय आश्रयात नसून त्या आश्रयाशी असलेल्या विसंगतीत आहे, असे आम्हांस वाटते. सत्तेने जे बळाने मागितले, ते कवीने गौरवाने स्वीकारले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडावी, असे फर्मान काढले. त्या फर्मानात राष्ट्रांनी येणे तेवढे अपेक्षित होते, त्यांची वाणी नको होती. शतके उलटली तरी ओव्या उरल्या. भाकिताच्या तीन चित्रांपैकी कोणते टिकते, याचा एक पुरावा म्हणून त्या वाचता येतात.