रापी आणि फिरता चाकू : एका हस्तकलेच्या पुस्तकाचे वाचन

अल स्टोलमनला लेखक म्हणून कुणी ओळखत नाही. चामड्यावर हौसेने कोरीवकाम करणाऱ्या अमेरिकन माणसांना तो ठाऊक आहे, तो त्यांचा गुरुजी म्हणून. त्याचे ‘हाऊ टू कार्व्ह लेदर’ हे पुस्तक १९५२ साली निघाले. मी ते गेली अकरा वर्षे वाचतो आहे. वाचतो आहे म्हणजे समोर उघडे ठेवून ओल्या चामड्यावर चाकू चालवतो आहे, त्यामुळे त्याची निम्मी पाने पाण्याने फुगली आहेत. अशा पुस्तकाची समीक्षा वाङ्मयीन अंकात कशाला, असे वाचकाला वाटेल. माझे म्हणणे इतकेच की हाताला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर उतरवणे हे लेखनातले फार अवघड काम आहे, आणि मराठीत ते क्वचितच झाले आहे. चामड्याच्या बाबतीत ते का झाले नाही, याचे एक उत्तर माझ्या घरातच आहे.

माझे आजोबा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात चपला करीत आणि विहिरीवरच्या मोटा शिवीत. इंजिने आली, मोटा गेल्या. वडील तालुक्याच्या गावी कारकून झाले. आजोबा वारल्यावर त्यांची रापी, दोन आऱ्या आणि एक गुळगुळीत झालेला दगड वडिलांनी गोणपाटात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. ट्रंक उघडायची आम्हा भावंडांना मनाई नव्हती. तिच्यावर गाद्या रचलेल्या असत एवढेच. शाळेत कुणी आजोबा काय करायचे असे विचारले तर ‘शेती’ म्हणायचे, हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते, तरी येत होते. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांना जे ऐकून घ्यावे लागले त्यातले फार थोडे त्यांनी आम्हाला सांगितले.

चाळिशी उलटल्यावर मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मला स्टोलमनचे पुस्तक मिळाले. मजकूर नंतर वाचला. पुस्तक विकत घेतले ते चित्रांसाठी. ती चित्रे लेखकानेच काढलेली आहेत. चाकू धरलेला एक हात होता. तर्जनी वर खोबणीत टेकलेली, अंगठा आणि मधले बोट नळीला बिलगलेले, उरलेल्या बोटांचा आधार चामड्यावर. हे हत्यार आपल्याकडे नाही. त्याची नळी बोटांत फिरते आणि नळीबरोबर पाते फिरते, म्हणून वळणदार रेघ मनगट न वळवता ओढता येते. इंग्रजीत त्याला स्विव्हल नाईफ म्हणतात. मी फिरता चाकू म्हणतो. हत्यार परके, पण हाताची ती बसण्याची तऱ्हा मी कुठेतरी पाहिली होती. गाद्यांखालची ट्रंक मी त्याच दिवाळीत उघडली.

आता पुस्तकाकडे. त्याचा पहिला मोठा गुण असा की ते चुकीला तोंड देते. बरोबर आणि चूक अशी जोडचित्रे त्यात येतात. उतार देणारा ठसा, म्हणजे बेव्हलर, कापाच्या रेघेला लावून ठोकत न्यायचा, तर तो सुटा सुटा उचलून ठोकला की पायऱ्या पडतात. किंचित पुढे सरकत, एका ठोक्यावर दुसरा ठोका चढवत नेला की सलग उतार मिळतो आणि पाकळी वर उठून दिसते. हे वाक्यात सांगायला मला चार ओळी लागल्या. स्टोलमन दोन चित्रांत सांगतो, आणि चुकीचे चित्र इतके अचूक काढतो की शिकणाऱ्याला स्वतःचेच काम ओळखू येते. चूक कशी दिसते हे इतक्या तपशिलाने काढायला ती आधी भरपूर केलेली असावी लागते.

दुसरा गुण पाण्याविषयी. कोरीवकामाला झाडाच्या सालीने किंवा फळांनी कमावलेलेच चामडे लागते. क्रोमने कमावलेले चामडे मऊ आणि लवचिक असते, पण दाबलेला ठसा ते धरून ठेवत नाही, पुन्हा फुगून येते. सालीतले टॅनिन तंतूंमध्ये भरलेले असले की चामडे ओले असताना मातीसारखे वागते आणि वाळल्यावर दिलेला आकार सोडत नाही. किती ओले, हाच सगळा प्रश्न. फार ओल्यात ठसा बुळबुळीत उमटतो, कोरड्यात चाकू ओरखडतो. नियम असा की भिजवून थांबायचे. वरचा रंग मूळच्या जवळ परत येऊ लागला, पण गालाला लावून पाहिले तर अजून गार लागते, तेव्हा सुरुवात करायची. रंग आणि गारवा, डोळा आणि कातडी. हे वाचले तेव्हा आपल्याला सगळे कळले असे मला वाटले होते.

दोष सांगायचा तर तो पुस्तकाच्या बांधणीतच आहे. ते प्रसिद्ध केले क्राफ्टूल या कंपनीने, आणि ही कंपनी ठसे विकत असे. प्रत्येक ठशाला अक्षर आणि आकडा: बी म्हणजे उतार देणारे, पी पाकळीची खोलगट छाया देणारे, व्ही शिरा उमटवणारे, ए पार्श्वभूमी खाली दाबणारे. फुलाच्या नकाशावर कुठे कोणता ठसा ते लिहिता येते, आणि एकाने काढलेले फूल हजार मैलांवरच्या दुसऱ्याच्या टेबलावर तसेच उगवते. या सोयीमुळेच ही कला हौस म्हणून पसरली. तिच्या प्रसाराची कथाही ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना इस्पितळांत हाताला काम म्हणून चामड्याच्या वस्तू करायला देत. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला टँडी घराण्याचा धंदा होता बुटांना लागणाऱ्या चामड्याचा. चार्ल्स टँडीने या नव्या गिऱ्हाइकाकडे पाहून धंद्याचे तोंड हौशी कारागिरांकडे वळवले. म्हणजे तिथे चामडे हातात घेणाऱ्या सैनिकाला कुणी त्याची जात विचारली नाही. बरे होण्यासाठी ते त्याच्या हातात दिले गेले. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो, हे इथे सांगून टाकतो.

पण आकड्यांच्या या सोयीने शिकणाऱ्याचे नुकसानही होते. पहिली दोन वर्षे मी नकाशे गिरवले. काम स्वच्छ होत होते, लोक वाहवा करीत होते, आणि ते मेलेले होते. का, ते कळायला मला डॉन किंगच्या कामाचे फोटो पाहावे लागले. वायोमिंगमधले शेरिडन हे त्याचे गाव. खोगिरावरच्या फुलांच्या कोरीवकामाची जी शेरिडन शैली म्हणतात ती मुख्यतः त्याच्या हातून घडली. रानगुलाबासारखी लहान फुले, दाट बसवलेली, आणि प्रत्येक फुलाभोवती देठाचे जवळजवळ पूर्ण वर्तुळ. एक वर्तुळ दुसऱ्याला चिकटून पुढे जाते आणि नजरेला थांबायला जागा मिळत नाही. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीने त्याला लोककलेतला सर्वोच्च सन्मान दिला. दुकानामागे त्याने संग्रहालय मांडले आणि त्याचा मुलगा बॅरी ठशांची हत्यारे घडवतो. आमच्याकडे ती ट्रंकेत होती.

किंगच्या कामात आणि माझ्या कामात ठशांचा फरक थोडा आणि शेवटच्या कापांचा फार. ठसे मारून झाल्यावर पाकळ्यांवर आणि पानांवर फिरत्या चाकूने मोकळे काप द्यायचे असतात. काप पाकळीच्या कडेशी दाबून सुरू होतो, वळत वळत फुलाच्या मध्याकडे येताना हलका होत जातो आणि नाहीसा होतो. स्टोलमनच्या नकाशातही या रेघा काढलेल्या आहेत. गोम तिथेच आहे. नकाशातली रेघ सबंध एकाच जाडीची. ती गिरवून घेतली की चाकू गिरवलेल्या खुणेमागे चालतो, दाब कमी करायला घाबरतो, आणि काप शेवटी निमुळता होण्याऐवजी तुटल्यासारखा थांबतो. शिवाय चामड्यावरचा काप खोडता येत नाही. स्टोलमन सांगतो सराव करा, आणि तो बरोबरच सांगतो, पण त्याच्या पुस्तकाची सगळी रचना गिरवण्याकडे ओढते. पुस्तकाचा उपदेश एकीकडे आणि मांडणी दुसरीकडे, असा हा अंतर्विरोध आहे. ज्या एका जागी कारागिराचा हात ओळखू यावा, नेमकी तीच जागा पुस्तक नकाशात बसवून देते.

या टप्प्यावर मी कोल्हापूरला एका वृद्ध चपलाकारागिराकडे जाऊ लागलो. नात्याने लांबचे, मी त्यांना मामा म्हणतो. सोबत माझा एक पट्टा नेला होता, तिथल्याच म्हशीच्या चामड्याचा. हे चामडे कमावण्याची जुनी रीत अशी की कातड्याची पिशवी शिवायची, आत बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा काढा भरायचा आणि ती टांगून ठेवायची. त्यातून निघणारे चामडे दणकट असते, पण त्याचा पोत अमेरिकन गाईच्या चामड्यासारखा एकसारखा नसतो. मामांनी पट्टा उलटा केला, मागून अंगठा दाबत टोकापर्यंत नेला आणि एका जागी थांबून म्हणाले, “पावणं, हितं पाणी थांबलंय. ह्यो तुकडा पोटाकडचा हाय. सगळीकडं एकच येळ लावून चालत न्हाई.”

मी घड्याळ लावून भिजवत होतो. पुस्तकातला नियम रंगाचा आणि गारव्याचा होता. त्याचे मिनिटांत भाषांतर मी केले होते. चूक स्टोलमनची नव्हती. पण ती मला त्याच्या पानावर दिसली नाही, मामांच्या अंगठ्याखाली दिसली. त्यानंतर मी कापांच्या खुणा नकाशातून काढून टाकल्या. नुसती पाकळी उतरवायची, ठसे मारायचे, आणि काप डोळ्याने. चाकूची धार पट्ट्यावर दर दहा-पंधरा कापांनंतर पुन्हा चढवायची, कारण पाते ओढले गेले की हात आपोआप जास्त दाबतो आणि निमुळते टोक हरवते. टाकाऊ तुकड्यावर आधी वीस काप, मग खऱ्या फुलावर एक. आता बऱ्याचदा जमते. उजवीकडे वळणारे काप जमतात, डावीकडचे अजून अडखळतात.

मामांना जे येते ते त्यांनी कुठे वाचलेले नाही, आणि ते वाचायला मिळेल अशी जागाही मराठीत नाही. मुंबई इलाख्यातल्या कातडी कमावण्यावर आणि चामड्याच्या कामावर सरकारने १९०३ साली इंग्रजीत एक प्रबंध काढला होता. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या ‘गावगाड्या’त चांभार येतो तो बलुतेदार म्हणून, त्याच्या कामाचा आणि मोबदल्याचा हिशेब घेऊन. दोन्हीकडे कारागिराबद्दल लिहिले आहे. कारागिराने, शिकणाऱ्या हातासाठी लिहिलेले नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडाने तशाच चपला नाव न घेता मांडल्या तेव्हा गदारोळ झाला आणि कंपनीला मूळ मान्य करावे लागले. झाले ते योग्यच झाले. पण त्या दिवसांत मी वाचलेल्या पंधरा-वीस लेखांत चपलेची वेणी कशी विणतात, कान कुठून कापतात, पट्ट्यावरचे ठसे कोणत्या ओलीवर मारतात, याबद्दल एक ओळ नव्हती. हक्क कुणाचा यावर सगळे बोलत होते. स्टोलमनच्या पुस्तकात याच्या बरोबर उलटे आहे: हात कसा चालतो ते सगळे आहे, आणि हा हात कुणाकडून आला याकडे लक्ष नाही. खोगिरावरची ही फुले स्पेनमधून मेक्सिकोत आणि तिथून कॅलिफोर्नियाच्या गुराख्यांकडे आली. ज्याला कुणाचा वारसा सांगावा लागत नाही त्याचे पुस्तक कुणीही उघडू शकतो, हे त्याचे औदार्यही आहे. त्या औदार्यामुळेच मी आत शिरलो. म्हणून ते पुस्तक मला लहान वाटत नाही, अपुरे वाटते.

माझ्या या कामाला घरी ‘छंद’ म्हणतात. मामांसमोर मी हा शब्द एकदाच वापरला. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एका जोडाला किती दिवस लागतात आणि व्यापारी काय देतो ते त्यांनी सांगितले आणि पुन्हा कामाला लागले. तेव्हापासून मी त्यांच्याकडे शिकायला जातो तेव्हा दिवसाचे पैसे देतो. आधी त्यांना ते आवडले नाही, आता घेतात.

गेल्या वर्षापासून मी त्यांच्या हाताची चित्रे काढू लागलो आहे, स्टोलमनच्या धर्तीवर, बरोबर आणि चूक अशा जोड्यांनी. चित्रकला मला येत नाही, पण बोटांची जागा दाखवण्यापुरती पुरते. रापीने कड छिलतानाचे पहिले चित्र मी मोठ्या उमेदीने त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते लांब धरून पाहिले, मग जवळ घेतले, आणि ‘बरोबर’ लिहिलेल्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, “ह्यात अंगठा चुकलाय. असा धरला तर तो कापून निघंल.” मी खोडून पुन्हा काढले. जुने चित्र ‘चूक’च्या बाजूला लावले आहे.