काच कुठे गेली?

आता पडद्यावर आहे तो फोटो माझ्या नातवानं इथे नगरला, घरच्याच फिशटँकमधल्या गप्पीचा, मॅक्रो लेन्सनं काढलाय. मासा जेमतेम ३ सेंटीमीटरचा, पण खवले मोजून घ्या! लेन्स काचेला सरळ टेकवली, उजेड वरून सोडला, म्हणून काचेवर प्रतिबिंब आलं नाही. कौशल्य आहेच. मग माझी तक्रार काय?

इतक्या जवळून एक-दोन मिलिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. मासा जरा वळला की शेपूट धूसर. मागचं पाणी काळं, काच नाहीशी. मासा नदीत आहे की पेटीत, हे फोटो सांगतच नाही. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. तिथे काचेत माशाबरोबर आपलाही चेहरा दिसायचा. आपण बघे आहोत आणि तो कोंडलेला, याचं भान राहायचं.

उघड्या डोळ्याला न दिसणारं कॅमेरा दाखवतो, असं वाल्टर बेन्यामिननं १९३१ मध्ये मांडलं. अगदी बरोबर! मूळ फोटोत या गप्पीच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते. तो रोग असतो. नातवानं स्पर्धेसाठी ते कॉम्प्युटरवर पुसून टाकले. म्हणजे लेन्सनं जे दाखवलं, तेच आपण झाकलं. फोटो म्हणून हा इथेच फसला.

मी त्याला म्हटलं, "बाळा, स्पर्धेला कुठलाही पाठव. पण आधी मूळ फोटो बघ, आणि टाकीत औषध घाल."