सुई फिरवा, पण का?

रेडिओ-नियंत्रित नायट्रो ट्रकबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका शिक्षकाच्या नजरेने वाचल्या, तर आपल्या पाठ्यपुस्तकांची आठवण होते. कृती चोख असते : इंजिन आधी तापू द्या, कार्ब्युरेटरची सुई एका वेळी १/८ फेराच फिरवा, धुराची रेघ दिसते ना ते पाहा. कारण मात्र बहुधा गाळलेले असते.

सुई आत गेली की इंधन कमी मिळते, वेग वाढतो, इंजिन तापते. पण मिथेनॉल व नायट्रोमिथेनच्या या मिश्रणातच वंगणाचे तेलही असते. इंधन तोडले की तेलही तुटते! आमच्या मते हे वाक्य पहिल्याच पानावर हवे.

१ ग्रॅम मिथेनॉल जाळायला सुमारे ६.५ ग्रॅम हवा लागते; रेणूतच ऑक्सिजन अधिक असलेल्या नायट्रोमिथेनला अवघी १.७. म्हणून नायट्रोचे प्रमाण बदलले की सुई पुन्हा जुळवावी लागते. थंडीत हवा दाट, तेव्हाही तसेच. मग 'अमुक तापमान म्हणजे बरोबर' हा नियम अपुराच ठरतो.

मिथेनॉल विषारी आहे. ते वर्गात नको. पण अशा पुस्तिकेतील प्रत्येक आज्ञेपुढे 'का?' लिहायला मुलांना जरूर सांगावे.