वस्तुसंग्रहालये आणि शाळांच्या भेटी

शाळांच्या सहलींत वस्तुसंग्रहालयाचा समावेश करण्याची चाल आता बरीच रूढ झाली असून तिच्या जोडीला विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळाही भरू लागल्या आहेत. उपक्रम स्तुत्य आहे यात संशय नाही. तथापि त्यापासून इतिहासाचे ज्ञान कितपत होते, हा प्रश्न उपेक्षिण्याजोगा नव्हे.

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात आम्ही मध्यंतरी गेलो असता एका शाळेचे साठ-सत्तर विद्यार्थी आले होते. दारात शिरगणती झाली, रांग लागली, आणि पंचवीस मिनिटांत ती रांग परत दारात आली. पुष्कळ मुले फलकांवरील मजकूर वह्यांत उतरून घेत होती. वस्तूकडे पाहण्यास त्यांस सवड नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी ‘अहवाल’ द्यावयाचा होता. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेल्या रोमन समुद्रदेवतेची हकीकत वाचून एक मुलगी म्हणाली, “सर, पण कोल्हापूरला समुद्र कुठे आहे?” उत्तर मिळाले, “चल, पुढे सरक.”

आमच्या मते त्या दिवशीचा इतिहासाचा पाठ तेथे सुरू व्हावयाचा होता. तो तेथेच संपला. पोसायडनची ही कांस्यमूर्ती वीतभरही उंच नाही. पंचगंगा पूर्ववाहिनी, ती कृष्णेस मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर उतरलेली वस्तू नदीतून येथे येणे नाही. ती बहुधा सह्याद्रीचा घाट चढूनच आली असली पाहिजे. कोणत्या घाटाने? कोणाच्या पाठीवर? जहाज कोणत्या ऋतूतील वाऱ्याने आले, आणि मोबदल्यात येथून काय गेले? नकाशा वाचू लागलेल्या मुलास हे प्रश्न सहज पडतात. त्यांतील काहींची उत्तरे पंडितांपाशीही नाहीत, हे त्यास कळणे हाही लाभच. १९४५-४६ साली सांकलिया व दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचे शास्त्रीय उत्खनन केले. मातीच्या थरांवरून काळ कसा ठरवितात, हे मुलांस त्याच स्थळाच्या आधारे सांगता येईल.

कार्यशाळांविषयी थोडेच लिहितो. मुलांनी मातीचे भांडे घडवावे, रंग फासावे, यास आमची हरकत नाही. परंतु त्या भांड्याचा कपाटातील सातवाहनकालीन खापराशी संबंध कोणी जोडून न दिल्यास ती कार्यशाळा कोणत्याही पटांगणात भरली असती. ‘संग्रह’ या शब्दात ‘ग्रह्’ म्हणजे धरणे हा धातू आहे, आणि संग्रहालयात मुलांस पहिली आज्ञा मिळते ती ‘हात लावू नका’ अशी! अस्सल वस्तूस ती योग्यच; पण चार निरुपयोगी खापऱ्या हाती देण्यास काय अडचण असावी? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली फिरते संग्रहालय सुरू केले व २०१९ साली मुलांकरिता स्वतंत्र दालन उघडले, हे त्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. मात्र मोटार एक दिवस येते आणि जाते. शाळेत वर्षभर राहतो तो शिक्षक.

दोष सर्वस्वी त्याचाही नाही. सत्तर मुले सुखरूप घरी पोचविण्याची धास्ती ज्याच्या उरावर, त्याने समुद्राचा विचार कधी करावा? म्हणून संग्रहालयांनी सहलीपूर्वी शिक्षकास एकट्यास बोलवावे, त्याच्याकडून एकच वस्तू निवडून घ्यावी, आणि मुलांस तिच्यापाशी तासभर बसू द्यावे. वहीत अहवालाऐवजी प्रत्येकाने आपला एक प्रश्न लिहून आणावा. त्या मुलीचा तर तयारच आहे.