एकट्याचा रंगमंच

लोकांना हसविण्यासाठी प्रथमच एकट्याने रंगमंचावर उभे राहण्याचा संकल्प देवळाच्या सभामंडपात वाढलेल्या रसिकास परका नाही. नारदीय कीर्तनकारही पूर्वरंगापासून उत्तररंगापर्यंत एकटाच अनेक पात्रे उभी करतो. मात्र त्याच्या पाठीशी देवाचे अधिष्ठान असते, साथीला पेटी-तबला असतो. विनोदकाराजवळ यांपैकी काहीच नसते.

१९५८ साली पुस्तकरूपाने आलेली ‘बटाट्याची चाळ’ पु. ल. देशपांडे यांनी पुढे एकट्याने रंगमंचावर आणली, तेव्हा वाचकाचे एकांतातले हसू सभागृहात उमटेल काय, हाच खरा प्रश्न होता. ते उमटले, पण त्याचे श्रेय केवळ नकलांना देणे योग्य नव्हे. त्रिलोकेकरांच्या बोलीची नक्कल परक्याने केली असती तर ती बोचली असती. येथे ती बोचत नाही, कारण निवेदक स्वतः चाळकरी आहे आणि ‘उपास’मध्ये तो आपल्याच वाढत्या देहाला हसतो. अखेरच्या चिंतनात तर हे हसू व्याकुळ होते.

आज ‘स्टँड-अप’ करू पाहणाऱ्या तरुणाने एवढे ध्यानी घ्यावे : हाती ध्वनिक्षेपक आला म्हणजे अधिकार आला असे नव्हे. ज्यांना हसावयाचे, त्यांच्यातलाच एक होऊन उभे राहता येत असेल, तर मात्र त्याने खुशाल उभे राहावे.