भिंतीपलीकडचे दिसणे : चोरपावलांच्या व्हिडिओ गेममधील ज्ञान आणि भय

व्हिडिओ गेमच्या अनेक प्रकारांपैकी ‘स्टेल्थ’ या प्रकाराचे सूत्र आपल्या लपंडावाचे आहे. खेळाडूने शत्रूच्या गोटात शिरायचे, पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवायच्या, काम साधायचे आणि कुणाला चाहूल लागण्याआधी बाहेर पडायचे. हाणामारीच्या गेममध्ये नायक एकटा पलटणीला पुरून उरतो. इथे दोन-तीन पहारेकरी एकदम चालून आले तरी त्याचा खेळ आटोपतो. त्यामुळे त्याची सगळी भिस्त माहितीवर असते. कोण कुठे उभा आहे, कोणत्या दिशेला पाहतो आहे, किती वेळाने वळणार आहे, हे ज्याला कळले तो तरला.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या प्रकारातल्या अनेक मोठ्या गेमनी ही माहिती मिळवण्याची खास शक्ती खेळाडूला बहाल केली आहे. एक बटण दाबले की भिंती जणू काचेच्या होतात आणि पलीकडचे पहारेकरी चमकत्या आकृत्यांसारखे दिसू लागतात. जुन्या खेळाडूंची यावर तक्रार आहे की शत्रूचा ठाव सांगणाऱ्या या शक्तीने सगळा प्रकारच फार सोपा करून टाकला. तक्रारीमागची अस्वस्थता मला खरी वाटते, पण ‘सोपा’ हा शब्द नेमका वाटत नाही. माहिती आणि काठिण्य यांचा संबंध इतका सरळ असता तर या प्रकाराचा इतिहास वेगळा दिसला असता. म्हणून आधी त्या इतिहासाकडे वळतो.

१९९८ : एका प्रश्नाची चार उत्तरे

हिदेओ कोजिमा यांचा ‘मेटल गिअर’ १९८७ साली आला असला, तरी स्टेल्थ हा स्वतंत्र प्रकार म्हणून ठसला तो १९९८ मध्ये. त्या एका वर्षात चार महत्त्वाचे गेम आले आणि शत्रूविषयी खेळाडूला किती कळू द्यायचे, या प्रश्नाची त्यांनी चार निरनिराळी उत्तरे दिली.

जपानी ‘तेंचू’मध्ये पडद्यावर एक आकडा दिसतो. जवळचा शत्रू किती अंतरावर आहे आणि त्याला संशय आला आहे का, एवढेच त्यावरून कळते. तो कोणत्या बाजूला आहे हे खेळाडूने हुडकायचे. ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये कोपऱ्यात रडार आहे. त्यावर पहारेकरी ठिपक्यांसारखे फिरतात आणि त्यांच्या नजरेचा पट्टाही दिसतो. मात्र धोक्याची घंटा वाजली की नेमक्या त्याच वेळी रडार बंद पडते. लुकिंग ग्लास स्टुडिओजच्या ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’मध्ये शत्रूविषयी काहीच सांगितले जात नाही. पडद्याच्या तळाशी एक मणी असतो, तो आपण स्वतः किती उजेडात आहोत तेवढे दाखवतो. बाकी भरवसा कानांवर : फरशीवर बूट वाजतात, गालिच्यावर वाजत नाहीत, कंटाळलेला पहारेकरी शीळ घालतो किंवा स्वतःशी पुटपुटतो.

चौथे उत्तर सगळ्यांत बोलके आहे. स्पेनच्या पायरो स्टुडिओजचा ‘कमांडोज : बिहाइंड एनिमी लाइन्स’ आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये वाढलेल्या पिढीला आठवत असेल. त्यात खेळाडू वरून सगळा तळ पाहतो. मैदानातला प्रत्येक जर्मन सैनिक त्याला दिसतो, आणि हव्या त्या सैनिकाची नजर कुठवर पोचते तेही पाहता येते, फक्त एका वेळी एकाचीच. म्हणजे ज्या शक्तीला आज ‘फार सोपे करणारी’ म्हणून नावे ठेवली जातात, तिच्याहून अधिक माहिती इथे पहिल्या क्षणापासून फुकट आहे. तरीही ‘कमांडोज’ हा अतिशय अवघड गेम म्हणून प्रसिद्ध आहे. सगळे दिसते, पण सहा जणांच्या नजरा एकमेकींवर पडलेल्या असतात आणि त्यांतली फट काही सेकंदांचीच असते. दिसल्यामुळे कोडे समोर मांडले जाते. ते सोडवायचे बाकीच राहते.

यातून एक गोष्ट ठरते. शत्रू दिसणे आणि गेम सोपा होणे यांचे नाते अपरिहार्य नाही. मग जुन्या खेळाडूला खुपते आहे ते काय?

निळ्या पडद्यामागे गेलेली वास्तू

या तक्रारीचे मूळ शोधायला रॉकस्टेडी स्टुडिओजचा ‘बॅटमॅन : अर्खम असायलम’ (२००९) हे उत्तम ठिकाण आहे. त्यातल्या ‘डिटेक्टिव्ह मोड’मध्ये भिंतींआड उभ्या माणसांचे सांगाडे दिसतात, बंदूकधारी वेगळ्या रंगात उठून दिसतात, आणि कोण शांत आहे, कोण घाबरला आहे हेही कळते. या शक्तीला ना मुदत, ना मोल. एकदा सुरू केली की हवी तितका वेळ चालू ठेवता येते. बंद करण्याचे खेळापुरते काही कारणच नसल्यामुळे असंख्य खेळाडूंनी ती जवळपास कायम चालू ठेवली. कलाकारांनी उभारलेली ती गॉथिक वास्तू, तिच्या कमानी आणि ओलसर भिंती, एका निळसर छटेमागे गेली. ‘अर्खम सिटी’त (२०११) ही दृष्टी बिघडवणारे यंत्र पाठीवर घेतलेले शत्रू आणावे लागले, यातच बरेच काही आले.

इथे हरवले ते अनुमान. ‘थीफ’मध्ये दाराला कान लावून उभा राहिलेला खेळाडू पावलांवरून माणसे मोजतो, परतीच्या आवाजावरून दालनाची लांबी ठरवतो, आणि आपला हिशेब बरोबर आहे की नाही हे दार उघडेपर्यंत त्याला ठाऊक नसते. त्या दार उघडण्यात भय आहे. निवेदनाच्या परिभाषेत सांगायचे तर हा मर्यादित दृष्टिकोनातून घडणारा अनुभव आहे. भिंतीपलीकडचे दाखवणारी शक्ती खेळाडूला सर्वज्ञ निवेदकाच्या जागी नेऊन बसवते. सर्वज्ञ निवेदन हे काही कमअस्सल निवेदन नव्हे. ‘कमांडोज’ त्याच जागेवरून खेळला जातो आणि उत्तम खेळला जातो. पण पात्राच्या डोळ्यांनी सुरू झालेली गोष्ट अध्येमध्ये फुकटात सर्वज्ञ होत राहिली, तर वाचकाचा तिच्यावरचा विश्वास उडतो. अर्खमच्या बाबतीत असेच झाले.

ठाऊक असण्याचेही भय असते

यावर एक वजनदार आक्षेप संभवतो. आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी बोलताना टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले होते. प्रेक्षकाला बॉम्ब ठाऊक नसेल तर स्फोटाच्या वेळी क्षणभर धक्का बसतो. आधीच ठाऊक असेल तर त्याच कंटाळवाण्या गप्पा तो जीव मुठीत धरून ऐकतो. म्हणजे ज्ञानाने उत्कंठा वाढते. मग भिंतीआडून येणारा पहारेकरी दिसल्याने भय कमी का व्हावे?

आक्षेप बिनतोड वाटतो, पण चित्रपटाच्या प्रेक्षकाला टेबलाखाली हात घालता येत नाही. त्याचे ज्ञान हतबल असते, म्हणून ते छळते. गेममध्ये ज्याला कळते तोच हालचाल करतो. पहारेकरी येताना दिसला की खेळाडू दोन पावले बाजूला सरकतो आणि प्रश्न मिटतो. गेममध्ये हिचकॉकचा परिणाम साधायचा असेल, तर जाणून घेण्याच्या कृतीनेच खेळाडूचे हात थोडे बांधले गेले पाहिजेत. जाणण्याची किंमत मोजावी लागली पाहिजे.

किंमत लावण्याच्या तऱ्हा

किंमत अनेक तऱ्हांनी लावता येते. ‘मेटल गिअर सॉलिड ३ : स्नेक ईटर’ची (२००४) कथा १९६४ सालात घडते, त्यामुळे आधीचे सर्वसंपन्न रडार त्यात नाही. त्याऐवजी बॅटरीवर चालणारी ओबडधोबड उपकरणे आहेत. एक फक्त हलणाऱ्या गोष्टी टिपते. स्तब्ध उभा सैनिक त्यातून निसटतो. दुसरे, सोनार, स्वतःच आवाज करते आणि तो शत्रूला ऐकू जाऊ शकतो. शोधणारा सापडण्याची जोखीम पत्करतो, हे मला त्या गेमच्या रचनेतले मोठे शहाणपण वाटते.

‘डिसऑनर्ड’मधल्या (२०१२) ‘डार्क व्हिजन’साठी जादूची ऊर्जा खर्ची पडते. पण थोडी वाट पाहिली की तेवढी ऊर्जा आपोआप परत भरते. त्यामुळे मोल नावापुरते राहते आणि खेळाडू कोपऱ्यात दबून बसून ऊर्जा भरण्याची वाट पाहू लागतो. किंमत लावली, पण ती कंटाळ्याच्या नाण्यात.

सगळ्यांत सुरेख तोडगा मला ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये (२०१३) दिसतो. तिथे शक्तीचे नावच ‘ऐकणे’ आहे. बटण दाबून धरले की नायक जोएल दबकत, संथ पावलांनी चालतो आणि कान देतो; जे आवाज करतात त्यांच्याच आकृती भिंतीपलीकडे उमटतात. जो दबा धरून गप्प बसला, तो उमटत नाही. शिवाय त्या जगातले ‘क्लिकर’ नावाचे रोगग्रस्त जीव आंधळे आहेत आणि तेही आवाजावरूनच माणसाचा माग काढतात. आंधळी कोशिंबीर खेळताना राज्य ज्याच्यावर असते त्याने कानोसा घ्यायचा असतो. इथे दोन्ही बाजूंवर राज्य आहे. खेळाडूला मिळणारे ज्ञान अपुरे आहे, त्यासाठी वेग सोडावा लागतो, आणि ते नायकाच्या देहाला शोभणारे आहे.

‘नको असेल तर वापरू नका’

या वादात नेहमी दिले जाणारे उत्तर म्हणजे ज्याला सोपे वाटते त्याने शक्ती बंद करावी. तसे पर्याय मिळतातही. ‘द लास्ट ऑफ अस’च्या ‘सर्व्हायव्हर’ पातळीवर ऐकण्याची शक्ती नसते. ‘डिसऑनर्ड २’मध्ये (२०१६) अलौकिक शक्ती साफ नाकारून सगळा गेम पार करता येतो. पण शक्ती काढून घेतल्यावर ते जग बोलके उरले पाहिजे. ‘सर्व्हायव्हर’ पातळी चालते ती क्लिकरची कटकट, पावलांचा आणि श्वासांचा आवाज मुळातच नीट रचलेला आहे म्हणून. जिथे पहारेकरी मुके आहेत आणि कोपरे आंधळे, तिथे शक्ती बंद केली की उरते ती नुसती शिक्षा : आपटा, मरा, पाठ करा, पुन्हा जा. त्याला काठिण्य म्हणता येईल, अनुमान म्हणता येणार नाही.

शिवाय ‘सोपे’ म्हणताना आपण कोणाचे कान, कोणाचे डोळे गृहीत धरतो, हाही प्रश्न आहे. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये (२०२०) सुलभतेसाठी ६० हून अधिक सोयी होत्या. त्यांत ऐकण्याच्या शक्तीचे एक वाढीव रूप आहे. ते आसपासचे शत्रू आणि वस्तू शोधून त्यांची दिशा आवाजाने कळवते. ज्याला पडदा दिसत नाही अशा खेळाडूला त्या जगात पाऊल ठेवता येते ते अशा सोयींच्या बळावर. माझ्यासाठी जे जास्तीचे डोळे, ते दुसऱ्या कुणासाठी पहिले डोळे असू शकतात. शुद्धतेच्या नावाखाली ही शक्ती सरसकट हद्दपार करा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. म्हणून बंद करण्याची मुभा आणि वाढवण्याची मुभा या दोन्ही मला एकाच न्यायाच्या बाजू वाटतात.

तेव्हा एखादा स्टेल्थ गेम फार सोपा झाला आहे का, हे ठरवताना शत्रू शोधण्याची शक्ती आहे की नाही एवढे पाहून भागणार नाही. ती वापरताना खेळाडू काय गमावतो, ती काय दाखवत नाही, आणि ती नसताना त्या भिंती, त्या फरश्या, ते पहारेकरी काही सांगतात का, हे पाहावे लागेल. अर्खमची दृष्टी यांपैकी एकाही प्रश्नाला नीट उत्तर देत नाही. जोएलचे कान तिन्हींना देतात. दोघांनाही भिंतीपलीकडचे कळते. पण पुढचे पाऊल टाकावे की नाही याचा विचार करायला लावतात ते जोएलचे कान.