मतभेदाची प्रस्तावना : आंबेडकरांच्या चलनविषयक प्रबंधाचे मर्म

डॉ. भीमराव आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रिझर्व्ह बँकेचा पाया या ग्रंथाने घातला, असे गौरवाने सांगण्यात येते; परंतु त्या गौरवात ग्रंथाचे मर्म हरवते. १९३५ साली स्थापन झालेली ती बँक चलनाचे नियमन करण्यासाठी आहे. ग्रंथाचा भर मात्र चलननिर्मितीवरील स्वेच्छाधिकार काढून घेण्यावर आहे.

१८९३ साली चांदीची खुली नाणेपाडणी बंद झाल्यावर रुपये पाडण्याचा अधिकार सरकारकडेच उरला. १८९८ च्या फाउलर समितीने सुवर्ण चलनाचा पुरस्कार केला. प्रत्यक्षात रूढ झाले ते सुवर्ण-विनिमय परिमाण. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात त्याचे समर्थन केले. आंबेडकरांचा आक्षेप मूलगामी आहे. हुंडणावळीचा दर स्थिर राहिला म्हणजे रुपयाची क्रयशक्तीही स्थिर राहिली, असे नव्हे. किमती चढतात आणि मजुरी मागे राहते. म्हणून रुपये पाडण्यास सरकारलाही मज्जाव करून सोन्यासाठी टांकसाळ खुली करावी, असे ते सुचवितात. मात्र हंगामाप्रमाणे चलनाची गरज पालटणाऱ्या कृषिप्रधान देशात इतकी ताठर व्यवस्था कशी टिकेल, या शंकेचे पुरेसे निरसन येथे होत नाही.

ग्रंथाची प्रस्तावना लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापक एडविन कॅनन यांची आहे. प्रचलित पद्धतीला आंबेडकरांचा असलेला विरोध व त्यांचे बहुतेक युक्तिवाद आपणांस मान्य नाहीत, असे ते तेथेच सांगतात आणि तरीही त्यांच्या विचारांतील ताजेपणाची मोकळेपणाने वाखाणणी करतात. परतंत्र देशाचा विद्यार्थी राज्यकर्त्यांच्याच राजधानीत त्यांच्या चलननीतीची चिकित्सा करतो, आणि गुरू मतभेद न लपविता त्याचा ग्रंथ वाचकांपुढे ठेवतो, ही घटना सामान्य नव्हे.

१९२५ साली आंबेडकरांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. आयोगाने १९२६ साली सुवर्णधातू-परिमाण व मध्यवर्ती बँक सुचविली. आंबेडकरांची योजना जशीच्या तशी स्वीकारली गेली नाही. त्यामुळे प्रबंधाचे मोल उणावत नाही. ज्या धोरणाचे परिणाम भारतातील मजूर भोगत होता, त्याची मीमांसा तोवर बहुधा अधिकारी व तज्ज्ञ करीत. या प्रबंधाने त्या मजुराची बाजू त्यांच्याच शास्त्राच्या भाषेत मांडली. परदेशातून आलेल्या संशोधकाला विद्यापीठाने मुक्त वादाचा अधिकार का द्यावा, याचे उत्तर येथे आहे.